ती बाई घरी पोचली का? वळिवड्यातल्या पोलंडची गोष्ट

हा भाग ऐकायला वेळ नाही, वाचायला द्या, असं बरेच जण म्हणतात. त्यांच्यासाठी हे लिहून टाकतोय. बोललोय तसंच ठेवलंय, फक्त मधलं अडखळणं आणि चहाचे घोट तेवढे काढलेत.

आजची गोष्ट गांधीनगरात सुरू होते. कोल्हापूरकरांना सांगायला नको, घरात लग्न ठरलं की गांधीनगरची वारी चुकत नाही. होलसेल कापडाची पेठ. मावसबहिणीच्या लग्नाचा बस्ता बांधायला आम्ही सगळे गेलो होतो. आई आणि मावशी साड्यांच्या ढिगात, मी पिशव्यांचा हमाल, आणि आजी एका दुकानाबाहेर खुर्चीवर बसलेली. तिचं वय आता नव्वदीकडे आलंय. माहेर याच पट्ट्यातलं. मी पाण्याची बाटली द्यायला गेलो तर ती रस्त्याकडं बघत म्हणाली,

"हितं पोलंडच्या बाया राहायच्या. आई बुट्टी घिऊन यायची, मी मागनं. एक बाई हुती, अंडं घेतलं की उजेडाला धरून बघायची. लई निगुतीची."

मला पोलंड कॅम्पची गोष्ट माहीत होती. कोल्हापुरात कुणाला माहीत नाही? पण आजी पुढं जे म्हणाली त्याला माझ्याकडं उत्तर नव्हतं.

"एक दिस गेलो तर घरं रिकामी. ती बाई पोचली का रं घरला?"

त्या एका प्रश्नासाठी हा सगळा भाग केलाय.

आधी व्हॉट्सॲपवर फिरतं ते बघू. ऑगस्ट २०२४ मध्ये पंतप्रधान मोदी पोलंडला गेले. मोरारजी देसाई १९७९ मध्ये गेले होते, त्यानंतर ४५ वर्षांनी भारताचा पंतप्रधान तिथं गेला. वॉर्साला त्यांनी कोल्हापूरच्या नावाच्या स्मारकावर फुलं वाहिली. झालं! आपल्या ग्रुपवर फॉरवर्ड सुरू. 'आपल्या महाराजांनी ५००० पोलिश लोकांना राजवाड्याची दारं उघडली.' नाद खुळा वगैरे. अभिमान वाटण्यात काही चूक नाही, मलाही वाटला. पण फॉरवर्डमध्ये दोन वेगळ्या गोष्टींची भेळ झालेली असते.

पहिली गोष्ट जामनगरची. १९४२ मध्ये नवानगरचे जामसाहेब दिग्विजयसिंहजी यांनी बालाचडीला पोलिश मुलांसाठी छावणी उभारली. तिथं शेकडो मुलं होती, त्यातली बरीच अनाथ. त्या मुलांना जामसाहेब स्वतः भेटायचे, म्हणून पोलंडमध्ये त्यांना 'चांगला महाराजा' म्हणतात. वॉर्सात त्यांच्या नावाचा चौक आहे.

दुसरी गोष्ट आपली, वळिवड्याची. ही वसाहत १९४३ मध्ये सुरू झाली आणि बालाचडीपेक्षा कितीतरी मोठी होती. साधारण ५००० माणसं. बहुतेक बायका, मुलं आणि म्हातारी. त्या वेळी कोल्हापूरची स्थिती काय होती? राजाराम महाराज १९४० मध्ये वारले होते. गादीवर दत्तक घेतलेलं लहान बाळ होतं आणि कारभार रिजन्सीकडं, म्हणजे बाळ मोठं होईपर्यंत कारभार बघणाऱ्यांकडं. जागा संस्थानच्या हद्दीतली, बांधकाम ब्रिटिश हिंदुस्थान सरकारच्या व्यवस्थेत, आणि खर्चाचा भार लंडनमध्ये परागंदा होऊन बसलेल्या पोलिश सरकारचा. म्हणजे एका राजानं दार उघडलं आणि पाच हजार माणसं आत आली, असं इथं घडलेलं नाही. मग कोल्हापूरचं श्रेय काय? ते आहे, आणि माझ्या मते फॉरवर्डमध्ये सांगतात त्यापेक्षा भारी आहे. त्याच्याकडं येतोच.

आधी ही माणसं इथवर आली कशी?

सप्टेंबर १९३९. पश्चिमेकडून हिटलर आणि पूर्वेकडून स्टॅलिन, दोघांनी मिळून पोलंड वाटून घेतला. पूर्वेचा भाग सोव्हिएत रशियाकडं गेला. फेब्रुवारी १९४० पासून तिथल्या घरांची दारं रात्री-पहाटे वाजायला लागली. शेतकरी, माजी सैनिक, वनरक्षक, पोलीस, शिक्षक यांची कुटुंबं. सामान बांधायला कुणाला तासभर मिळाला, कुणाला त्याहून कमी. मग गुरं न्यायच्या वाघिणींत कोंबून सैबेरिया, अर्खांगेल्स्क, कझाकस्तान. कडाक्याच्या थंडीत लाकूडतोड, आणि काम पूर्ण झालं तर पावाचा तुकडा. लाखो माणसं अशी नेली.

जून १९४१ मध्ये हिटलरनं रशियावरच हल्ला केला आणि फासे पलटले. स्टॅलिनला आता मित्र हवे होते. जुलैमध्ये पोलिश सरकारशी करार झाला आणि या कैद्यांना 'माफी' मिळाली. गंमत बघा, गुन्हा काय ते कुणी सांगितलंच नव्हतं, पण माफी मिळाली. जनरल आंद्रेस यांनी पोलिश सैन्य उभं करायला घेतलं, आणि त्या सैन्यामागं बायकापोरं दक्षिणेला निघाली. उपासमार, टायफस, वाटेत कितीतरी मेले. १९४२ मध्ये कॅस्पियन समुद्र ओलांडून सुमारे १,१५,००० जण इराणात पोचले. पुरुष पुढं लढाईवर गेले. उरलेल्यांना ठेवायचं कुठं? मग कुणी आफ्रिकेत टांगानिका-युगांडात, कुणी मेक्सिकोत, ७०० वर मुलं न्यूझीलंडला, आणि पाचेक हजार जण कराचीमार्गे आपल्याकडं.

आता तुम्ही त्या बाईच्या जागी उभे राहा. लाकडाची मोळी ओढून हातांना घट्टे पडलेत. एक मूल वाटेत पुरलंय. नवरा जिवंत आहे की नाही माहीत नाही. आणि मीटरगेजच्या छोट्या गाडीतून तुम्ही एका माळावर उतरता. पंचगंगेचा काठ लांब नाही, चहूकडं उसाचे फड, आणि समोर कौलारू बराकींच्या रांगाच रांगा. शहर सात-आठ किलोमीटरवर.

बराकींच्या भिंती बांबूच्या तट्ट्याच्या होत्या, पलीकडं कुणी खोकलं तरी ऐकू यायचं. पण प्रत्येक कुटुंबाला स्वतःच्या खोल्या, पुढं व्हरांडा आणि स्वतःचं स्वयंपाकघर होतं. तीन वर्षांनी दाराला आतून कडी घालता येत होती.

पोलिश माणसं या जागेला 'कॅम्प' म्हणत नसत. त्यांचा शब्द होता 'ओशेद्ले', म्हणजे वसाहत. हळूहळू तिथं प्राथमिक शाळा, हायस्कूल, चर्च, दवाखाना, नाटकाचा रंगमंच, स्काउटची पथकं सगळं उभं राहिलं. बराकीपुढं फुलांचे वाफे आले. अशक्त आणि आजारी लोकांसाठी पाचगणीला विश्रांतीची सोय केली होती.

आता मुद्द्याची गोष्ट. बालाचडीला मुलांचं जेवण एकत्र शिजायचं. वळिवड्याला कुटुंबांना रोख भत्ता मिळायचा, रुपयांत. भाजी स्वतः आणायची, चूल स्वतः पेटवायची. नियम एवढासाच, पण त्यानं सगळं बदललं. रांगेत उभं राहून ताटली पुढं करणारी बाई आता गिऱ्हाईक झाली. गिऱ्हाईक झालं की बाजारात जावं लागतं. बाजारात गेलं की बोलावं लागतं. आणि कोल्हापूरच्या बाजारात गेलं की घासाघीस आलीच!

या लोकांनी पुढं म्हातारपणी भरपूर लिहून ठेवलंय. लंडनमधल्या त्यांच्या संघटनेनं आठवणींचा जाडजूड संग्रहही काढला. त्यांना आपलं कोल्हापूर कसं दिसलं? काही गोष्टी पुन्हा पुन्हा येतात. डोळे दिपवणारं ऊन. आंबा आणि केळी, तीही पोटभर. धो धो पाऊस. साप आणि विंचू, त्यामुळं चप्पल घालण्याआधी झटकायची सवय. डोक्यावर बुट्ट्या घेऊन बराकींपुढं येणारे विक्रेते. आणि या विक्रेत्यांनी बघता बघता पोलिश शिकून घेतलं, हे तर हमखास. पोलिश बायकांना मराठी येण्याआधी आपल्या भाजीवाल्यांना पोलिश यायला लागलं होतं. धंदा करायचा तर गिऱ्हाइकाची भाषा बोलायची, हे त्यांना कुणी शिकवावं लागलं नाही.

आणि भाषा म्हटली तर लांबची नातेवाईकच निघते. पोलिशमध्ये दोनला 'द्वा' म्हणतात, आपलं संस्कृत 'द्वि'. चारला 'च्तेरी', आपलं 'चत्वारि'. भावाला 'ब्रात', आपला 'भ्राता'. मांसाला 'म्येंसो'. विस्तवाला 'ओग्येन', म्हणजे अग्नी. आईला 'मात्का'. आता कुणी पोरगं 'मात्का, मात्का' करत रडत असेल तर आपल्या बाईला वाटायचं याला पाण्याचा मटका पाहिजे, तो भाग वेगळा. हा विनोद माझा आहे, इतिहास म्हणून फॉरवर्ड करू नका.

आजीला त्या बाईचं नाव माहीत नाही. तिनं कधी विचारलं नाही, त्या बाईनंही नाही. पण 'द्वा' हा शब्द तिला ऐंशी वर्षांनी अजून येतो. दोन बोटं वर करून म्हणते, "द्वा म्हंजी दोन अंडी." मी विचारलं, त्या गोऱ्या होत्या, तुम्हाला भीती नाही वाटली? तर म्हणाली, "गोरा सायब घोड्यावर असायचा. ह्या आमच्यागत चुलीफुडं."

या वाक्यावर मी बराच वेळ अडकलो. कारण तो काळ बघा. कोल्हापूर तेव्हा लाखाच्या आसपास वस्तीचं शहर. युद्धामुळं धान्य, रॉकेल, कापड सगळ्याची टंचाई. तिकडं बंगालमध्ये १९४३ च्या दुष्काळात वीस ते तीस लाख माणसं भुकेनं मेली. शेजारी सातारा-सांगलीत प्रतिसरकार. खुद्द शहरात भर चौकात गव्हर्नर विल्सनचा पुतळा होता, तो स्वातंत्र्यसैनिकांनी याच काळात फोडला. पुढं १९४५ मध्ये त्याच जागी भालजी पेंढारकरांच्या पुढाकारानं शिवाजी महाराजांचा पुतळा उभा राहिला. तोच आपला शिवाजी चौक.

म्हणजे गोऱ्या कातडीविषयी राग असायला पुरेपूर कारण होतं. आणि कडू असला तरी प्रश्न विचारायला हवा. ज्या सरकारनं पोलिश बायकांसाठी बराकी, भत्ता, दवाखाना अशी व्यवस्था उभी केली, त्याच सरकारनं बंगालच्या भुकेल्यांसाठी तशी धडपड का केली नाही? यात त्या बायकांचा दोष नाही. पण त्यांना मिळालेल्या आसऱ्याची गोष्ट सांगताना ज्यांना तो मिळाला नाही त्यांना गाळलं, तर आपण अर्धाच इतिहास सांगतो.

हे सगळं असताना रोजच्या बाजारात मात्र माणसांनी नीट फरक केला. घोड्यावरचा साहेब वेगळा आणि चुलीपुढची बाई वेगळी. बुट्टी घेऊन येणारी, टांगा हाकणारा, कपडे शिवणारा, दूध घालणारा, यांनी कुठलाही ठराव केला नव्हता. त्यांनी एवढंच केलं की या बायकांना रोजचं गिऱ्हाईक मानलं. दयेनं वागवलेलं माणूस कायम पाहुणा राहतो. भाव पाडून मागणारं माणूस शेजारी होतं. कोल्हापूरचं श्रेय मला इथं दिसतं.

ताराबाई महाराणींच्या काळात संस्थाननं ही वस्ती आपल्या हद्दीत नांदू दिली, त्याचं मोल आहेच. पण गोष्ट फक्त राजवाड्यातून सांगितली की माझी पणजी आणि तिची बुट्टी त्यातून गायब होते.

आता आजीच्या प्रश्नाकडं. ती बाई घरी पोचली का?

मे १९४४ मध्ये इटलीत मोंते कासिनोच्या डोंगरावर पोलिश सैन्यानं झेंडा रोवला. वळिवड्यातल्या कितीतरी बायकांचे नवरे, भाऊ, मुलगे त्या सैन्यात होते. गंमत म्हणजे मराठा लाइट इन्फंट्रीचे आपले जवानही तेव्हा इटलीतच लढत होते. म्हणजे त्या बाईचा नवरा आणि इकडच्या एखाद्या गावातला पोरगा एकाच आघाडीवर, आणि दोघांची पत्रं यायची ती याच जिल्ह्यात.

मग मे १९४५. युरोपातलं युद्ध संपलं. जगभर लोक रस्त्यावर नाचत होते. पण वळिवड्यात? त्याच वर्षी फेब्रुवारीत याल्टाला चर्चिल, रुझवेल्ट आणि स्टॅलिन यांनी बसून पोलंडची सरहद्द पश्चिमेला सरकवली होती. पूर्वेचा भाग, म्हणजे नेमका ज्या भागातून या बायकांना उचललं होतं तो, कायमचा सोव्हिएत रशियात गेला. ल्वूव्ह, विल्नो ही शहरं आता पोलंडमध्ये नव्हती. लढाई जिंकलेल्या बाजूला असूनही यांचं घर हरलं होतं. उरलेल्या पोलंडमध्येही मॉस्कोच्या मर्जीतलं सरकार बसलं, आणि जुलै १९४५ मध्ये ब्रिटननं त्यालाच मान्यता दिली. ज्यांनी आपल्याला सैबेरियात नेलं त्यांच्याच हाताखाली परत जायचं?

बहुतेकांनी नाही म्हटलं. १९४६ मध्ये बालाचडी बंद झाली तेव्हा तिथली बरीच मुलंही वळिवड्यालाच आली. १९४७ मध्ये आपण स्वतंत्र झालो आणि इंग्रज निघाले. आता या लोकांनाही जावं लागणार होतं. ज्यांचे नवरे-मुलगे सैन्यात होते ती कुटुंबं इंग्लंडला गेली. काही पूर्व आफ्रिकेतल्या पोलिश वसाहतींत. थोडी माणसं पोलंडला. एका मुलीनं इथंच लग्न केलं आणि कोल्हापूरकर झाली. १९४८ च्या सुरुवातीला बराकी रिकाम्या झाल्या.

म्हणून आजीला मी सांगितलं, "बहुतेक नाही पोचली. घर होतं, पण ते ज्या देशात होतं तो देश तिथनं सरकला."

आजी म्हणाली, "म्हंजी सिंध्यांगत."

एका शब्दात आजीनं माझं काम केलं. कारण बराकी रिकाम्या राहिल्याच नाहीत. फाळणी झाली. पंजाब आणि बंगाल वाटले गेले, अर्धा इकडं, अर्धा तिकडं. सिंध मात्र अख्खा पाकिस्तानात गेला, सिंधी हिंदूंना त्यांच्या प्रांताचा एक तालुकाही इकडं मिळाला नाही. ते बोटींनी, गाड्यांनी मुंबई इलाख्यात आले. कल्याणजवळच्या लष्करी छावणीचं उल्हासनगर झालं, तसं वळिवड्याच्या पोलिश वसाहतीचं गांधीनगर. ज्या तट्ट्याच्या भिंतीआड पोलिश बाईनं कडी लावली होती, त्याच बराकींत सिंधी कुटुंबांनी संसार मांडले. त्यांचीही घरं जागेवरच होती, सरहद्द तेवढी हलली होती. त्यांनीही कुणापुढं ताटली धरली नाही. कापडाचे तागे आणले आणि दुकान मांडलं. आज मावसबहिणीचा शालू आम्ही तिथूनच घेतला.

कोल्हापूर संस्थानसुद्धा १ मार्च १९४९ ला मुंबई राज्यात विलीन झालं. म्हणजे आसरा घेणारे गेले, आसरा देणारं सरकार गेलं, संस्थानही गेलं. उरला तो बाजार.

खुणा बघायच्या असतील तर महावीर गार्डनमध्ये जा. आपण तिथं भेळ खातो, सेल्फी काढतो, आणि तिथंच पोलिश लोकांनी कृतज्ञतेनं उभारलेलं स्मारक आहे. शहरातल्या ख्रिस्ती दफनभूमीत पोलिश कबरी आहेत, सैबेरियातून वाचून इथवर आलेल्या आणि इथंच संपलेल्या माणसांच्या. वळिवड्यातही २०१९ मध्ये आठवणीचा कार्यक्रम झाला. तेव्हा इथं लहानपण गेलेली पोलिश मंडळी थकलेल्या पायांनी पुन्हा आली होती.

आपल्या गावाबाहेर आजही परक्या भाषेची माणसं राहतात. उसाच्या फडात, बांधकामावर, कारखान्यात. त्यांचं नाव आपण विचारत नाही, आजीनंही विचारलं नव्हतं. पण आजीला त्यांच्या भाषेतला एक शब्द येतो. मला अजून एकही येत नाही. हा भाग करताना हे सगळ्यात जास्त टोचलं.

तुमच्या घरी कुणी आजी-आजोबा पोलंड कॅम्पला दूध, भाजी, कोळसा घालायला जात असतील तर त्यांच्याजवळ बसा आणि मोबाईलवर रेकॉर्ड करा. आजच करा. ही पिढी किती दिवस आहे, सांगता येत नाही. गांधीनगरात कुणाच्या घरी सिंधमधून निघतानाच्या आठवणी असतील तर त्याही हव्यात.

पुढच्या भागात शेजारच्या औंध संस्थानात जाऊ. तिथं राजानं १९३९ मध्ये सत्ता प्रजेच्या हाती दिली, आणि त्या कामात एक पोलिश इंजिनिअर राबत होता, मॉरिस फ्रीडमन. पोलंड आपल्या मागावर आहे म्हणायचं!

तोवर, भेटू. काळजी घ्या.